नोकरीची संकेतस्थळे : निवड आणि डोळस वापर

नोकरी मिळणे आणि नोकरी शोधणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मिळणे हे पुष्कळ अंशी दुसऱ्याच्या हाती असते. शोधणे मात्र आपल्या हाती असते आणि ती शिकता येण्याजोगी विद्या आहे. निवासी शाळेतून बाहेर पडलेली मुले-मुली पदविका घेतात, पदवी घेतात, मोबाईलवर चार-पाच ॲप उतरवतात आणि दिसेल त्या जाहिरातीला अर्ज करत सुटतात. दोन महिने उत्तर आले नाही की घरात शांतता पसरते. कोणी शिक्षणाला दोष देते, कोणी नशिबाला. आमच्या मते दोष बहुधा शोधण्याच्या पद्धतीत असतो, आणि पद्धत सुधारता येते. म्हणून स्मरणिकेच्या या पानांवर आम्ही आठवणींऐवजी एक धडा मांडत आहोत. तो विद्यार्थ्यांसाठी आहे, पालकांसाठी आहे आणि नोकरीत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठीही आहे.

दार कोणाच्या हाती होते?

आज हातातल्या फोनवर जे काम होते, ते परळ-लालबागमध्ये पूर्वी कसे होत असे हे आधी पाहू. गिरण्यांच्या काळात भरतीची किल्ली जॉबरच्या हाती असे. सकाळी गिरणीच्या फाटकाशी बदली कामगार उभे राहत आणि कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी. त्यासाठी दस्तुरी द्यावी लागे. गावचा, नात्याचा किंवा जातीचा माणूस आत असेल तर काम लवकर मिळे. ज्याचे आत कोणी नसे, तो फाटकाबाहेरच राही. १९३१ च्या रॉयल कमिशनच्या अहवालाने या लाचखोरीची नोंद घेतली, आणि १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कामगारांना कार्ड देण्याची पद्धत सुरू करून जॉबरचा हात थोडा आखडता केला.

काही खाती तर कार्ड असूनही उघडत नसत. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती. पण धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाचे कारण सांगून अस्पृश्य कामगारांना तेथे मज्जाव होता. १९२८-२९ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य असताना, १९४५ मध्ये, त्या खात्याखाली पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. सैन्यातून मोकळ्या झालेल्या जवानांना व युद्धकाळातील कामगारांना काम मिळवून देण्यासाठी आरंभी रोजगार विनिमय केंद्रे होती. १९४८ पासून ती सर्वांसाठी खुली झाली. १९५९ च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांना रिक्त जागा या केंद्रांना कळवणे बंधनकारक केले. त्यामागचे तत्त्व साधे होते : रिकाम्या जागेची माहिती ही कोणा एकाची मालमत्ता नव्हे, ती सर्वांना एकाच वेळी कळली पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगावाचे रूपच पालटले. जेथे भोंगे वाजत, त्या कमला मिल आणि फिनिक्स मिलच्या आवारांत आज कार्यालये, दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. तेथील जागांसाठी फाटकाशी कोणी उभे राहत नाही. भरती संकेतस्थळावरून होते. १९९७ मध्ये सुरू झालेले ‘नोकरी डॉट कॉम’ हे या वाटेवरचे भारतातील पहिल्या मोठ्या संकेतस्थळांपैकी एक. माध्यम बदलले, पण जुने दोन प्रश्न कायम आहेत. माहिती कोणाला आधी कळते? आणि मधल्या माणसाला काय द्यावे लागते? संकेतस्थळ वापरताना हे दोन्ही प्रश्न मनात जागे ठेवावेत.

संकेतस्थळ कोणाचे पैसे घेते?

खासगी संकेतस्थळाचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे कंपनी. जाहिरात देण्यासाठी आणि उमेदवारांची माहिती पाहण्यासाठी कंपन्या पैसे मोजतात. उमेदवाराला नोंदणी आणि अर्ज सहसा मोफत असतो. रेझ्युमे लिहून देणे, तो यादीत वर दाखवणे अशा सशुल्क सेवा काही ठिकाणी असतात. त्या घेतल्याच पाहिजेत असे नाही आणि त्यांनी नोकरीची हमी मिळत नाही. एवढे कळले तरी अर्धी फसवणूक टळते. कारण जेथे उमेदवाराकडून ‘नोकरीसाठी’ पैसे मागितले जातात, तेथे जुनाच जॉबर नव्या वेशात उभा असतो.

दुसरी गोष्ट अशी की, कंपनीचा माणूस हजार रेझ्युमे वाचत बसत नाही. तो शोधपेटीत शब्द लिहितो : ‘अकाउंट्स असिस्टंट’, ‘टॅली’, ‘जीएसटी’, ‘दोन वर्षे’, ‘लोअर परेल’. हे शब्द ज्यांच्या माहितीत आहेत तेच त्याच्यापुढे येतात. अलीकडे ज्यांनी आपली माहिती अद्ययावत केली आहे, ते बहुधा वर दिसतात. म्हणजे अर्ज करणे हे निम्मे काम. शोधणाऱ्याला सापडणे हे उरलेले निम्मे.

पाच प्रकार

सर्व संकेतस्थळे एका मापाने मोजू नयेत. आम्ही त्यांचे पाच प्रकार करतो.

पहिला प्रकार शासकीय. केंद्र सरकारची ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ २० जुलै २०१५ रोजी सुरू झाली. राज्याचे ‘महास्वयम’ आहे. शिकाऊ उमेदवारीसाठी ‘अप्रेंटिसशिप इंडिया’चे पोर्टल आहे. या ठिकाणी नोंदणी मोफत असते. आयटीआय झालेल्या मुलांनी शिकाऊ उमेदवारीचे पोर्टल कधीही वगळू नये. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन मिळते आणि अनुभवाच्या रकान्यात लिहायला काहीतरी ठोस मिळते.

दुसरा प्रकार मोठ्या सर्वसाधारण बाजाराचा : ‘नोकरी’, ‘शाइन’, ‘फाउंडइट’ (पूर्वीचे ‘मॉन्स्टर’), ‘इंडीड’. पदवीधर आणि थोडा अनुभव असलेल्यांना हा उपयोगी. ‘इंडीड’सारखी स्थळे इतर ठिकाणच्या जाहिरातीही गोळा करून दाखवतात, म्हणून तेथे एकच जागा दोनदा दिसू शकते आणि शिळी जाहिरातही टिकून राहू शकते.

तिसरा प्रकार व्यावसायिक ओळखींचा : ‘लिंक्डइन’. हे २००३ मध्ये लोकांसाठी खुले झाले. येथे जाहिरातीपेक्षा माणसे महत्त्वाची. अमुक कंपनीत आपल्या शाळेचे, महाविद्यालयाचे कोण आहे हे येथे कळते.

चौथा प्रकार मोबाईल ॲपचा : ‘अपना’, ‘वर्कइंडिया’ आणि त्यांसारखी. दुकानातील विक्रेता, डिलिव्हरी, टेलिकॉलर, ऑफिसबॉय, डेटा एंट्री अशी प्रवेशाच्या पायरीवरची कामे येथे मिळतात. बोलणे थेट फोनवर होते, त्यामुळे वेग अधिक आणि सावधगिरीही अधिक लागते.

पाचवा प्रकार संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा, आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय, माझगाव डॉक, बृहन्मुंबई महानगरपालिका, रेल्वे भरती मंडळ, महाराष्ट्र लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग आणि बँकांच्या परीक्षा घेणारी आयबीपीएस या सर्वांच्या भरतीची अस्सल जाहिरात त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येते. इतरत्र दिसलेली प्रत्येक सरकारी जाहिरात तेथे जाऊन पडताळावी. मूळ ठिकाणी नसेल तर ती नाहीच असे समजावे.

आठवड्याची परीक्षा

कोणते संकेतस्थळ चांगले, असे विचारले जाते. आमचे उत्तर असे की, आपल्या कामासाठी चांगले कोणते ते आपणच मोजून ठरवावे. त्यासाठी प्रथम तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात : कोणते काम, किती अंतरापर्यंत, आणि किमान किती पगार. मग तीन स्थळे निवडून सात दिवस रोज त्याच शब्दांनी शोध घ्यावा आणि वहीत चार आकडे मांडावेत. गेल्या पंधरा दिवसांत आलेल्या जाहिराती किती? त्यांपैकी कंपनीचे नाव उघड असलेल्या किती? आपल्या पात्रतेला बसणाऱ्या किती? आणि ठरवलेल्या अंतरातल्या किती? आठवड्याअखेरी ज्या दोन ठिकाणी चौथा आकडा मोठा असेल ती ठेवावीत, तिसरे सोडून द्यावे. पाच ठिकाणी अर्धवट माहिती भरण्यापेक्षा दोन ठिकाणी पूर्ण माहिती भरणे केव्हाही हिताचे.

शोधाचे शब्दही विचाराने निवडावेत. एकाच कामाला तीन नावे असतात. ‘अकाउंट्स असिस्टंट’, ‘अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह’ आणि ‘ज्युनिअर अकाउंटंट’ हे पुष्कळदा एकच काम असते. स्थळांच्या नावांचेही तसेच आहे. मराठीतले परळ इंग्रजीत ‘परेल’ होते आणि घाईत ‘विलेपार्ले’शी त्याची गल्लत होते. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव २०१८ पासून प्रभादेवी आहे. जुन्या सवयीने कोणी जुने नाव लिहितो, कोणी ‘लोअर परेल’ लिहितो, आणि कार्यालय मात्र एकाच रस्त्यावर असते. नुसते ‘मुंबई’ लिहिले तर ठाणे, नवी मुंबई, अंधेरी सगळेच समोर येते. लालबागहून करी रोड स्थानक चालत गाठणाऱ्या मुलीला रात्रपाळी सुटल्यावर परत येण्याची सोय काय, हा प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा आहे. तो अर्ज करण्याआधी विचारावा.

रेझ्युमे : काय लिहावे, काय गाळावे

आपल्याकडे ‘बायोडेटा’ची एक जुनी घडण आहे : वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, उंची. खासगी नोकरीच्या अर्जात हे काही लिहिण्याची गरज नसते. आधार आणि पॅन क्रमांक तर रेझ्युमेत कधीच लिहू नयेत. हवे ते एवढेच : नाव, फोन, ईमेल, राहण्याचा भाग, शिक्षण, अनुभव, येणारी कामे, भाषा. नवख्याने एका पानात आटोपावे. रंगीत चौकटी आणि तक्ते टाळावेत. यंत्राने वाचताना त्यांतला मजकूर विस्कटतो. फाइल पीडीएफ असावी आणि तिच्या नावात स्वतःचे नाव असावे.

‘अनुभव नाही’ असे निवासी शाळेतील मुले सहज लिहून टाकतात. ते खरे नसते. वसतिगृहाच्या भोजनगृहाचा महिन्याचा हिशेब ज्याने ठेवला, ग्रंथालयाची नोंदवही ज्याने सांभाळली, लहान मुलांचा सायंकाळचा अभ्यास जिने घेतला, वार्षिक कार्यक्रमाच्या दोनशे पाहुण्यांची व्यवस्था ज्यांनी पाहिली, त्यांना काम येते. फक्त ते कामाच्या भाषेत लिहावे लागते. ‘मदत केली’ असे न लिहिता किती मुलांचा, किती महिने, कोणता हिशेब ठेवला ते लिहावे. मात्र न केलेले काम लिहू नये. मुलाखतीतल्या दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

प्रत्येक अर्जासाठी संपूर्ण रेझ्युमे नव्याने लिहिण्याचे कारण नाही. पण वरच्या चार ओळी जाहिरातीतल्या शब्दांशी जुळवून घ्याव्यात. ईमेलचा पत्ता स्वतःच्या नावाचा, साधा असावा. आणि सिमकार्ड बदलू नये. नोंदणीला दिलेला क्रमांक बंद पडला की ओटीपी जात नाही, बोलावणे पोहोचत नाही, आणि आपल्याला वाटते की कोणी विचारलेच नाही.

अर्ज आणि पाठपुरावा

रोज एक तास पुरे, पण तो ठरलेल्या वेळी द्यावा. घरात जागा नसेल तर परिसरातील अभ्यासिकेत बसावे. सकाळी आलेल्या सूचना पाहाव्यात, कारण जाहिरात आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतले अर्ज पाहिले जाण्याची शक्यता जास्त असते. ‘एका बोटात अर्ज’ ही सोय मोहक आहे. पण पन्नास बेफिकीर अर्जांपेक्षा विचार करून केलेले पाच अर्ज बरे. वहीत तारीख, संकेतस्थळ, कंपनी, पद आणि उत्तर असे पाच रकाने आखावेत. आठ-दहा दिवसांनी उत्तर नसेल तर एक नम्र ईमेल करावा. तीस अर्जांनंतरही एकही बोलावणे नसेल तर रेझ्युमे बदलावा. बोलावणी येतात पण निवड होत नाही, तर मुलाखतीचा सराव करावा. वही असली तरच हा फरक कळतो.

पगाराचा आकडा नीट वाचावा. जाहिरातीत वर्षाला २,४०,००० रुपये ‘सीटीसी’ लिहिले असेल तर महिन्याला २०,००० रुपये हाती पडतील असे नव्हे. त्या आकड्यात कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा आणि बहुधा ग्रॅच्युइटीही धरलेली असते, शिवाय आपला वाटा पगारातून कापला जातो. म्हणून ‘हातात किती येईल’ हे स्पष्ट विचारावे. त्यात संकोच नाही.

सरकारी भरतीची रीत निराळी आहे. तेथे एक कागद कमी पडला तरी पात्र उमेदवार बाहेर होतो. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. वयाची आणि शैक्षणिक अर्हतेची गणना कोणत्या तारखेला होते ते पाहावे. छायाचित्र आणि स्वाक्षरी सांगितलेल्या मापात तयार ठेवावी. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात झाला. त्याचा लाभ घेण्यासाठी केंद्रीय भरतीत केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. ते जाहिरात आल्यावर काढायला धावण्याऐवजी आधीच काढून ठेवावे. केंद्रीय लोकसेवा आयोग आणि कर्मचारी निवड आयोग यांच्या परीक्षांत अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना आणि महिलांना शुल्क माफ असते. सायबर कॅफेत ‘फॉर्मची फी’ म्हणून मोठी रक्कम सांगितली तर ती कशाची, हे विचारावे.

पालकांनी ओळखायच्या खुणा

फसवणूक करणारे मुलांच्या घाईवर आणि पालकांच्या काळजीवर जगतात. पुढील खुणा घरात सर्वांना ठाऊक असाव्यात. नोंदणी, गणवेश, लॅपटॉप, प्रशिक्षण किंवा ‘परत मिळणारी अनामत’ यांच्या नावाने पैसे मागणे. मुलाखत न घेता नेमणूकपत्र पाठवणे. मोठ्या कंपनीचे नाव सांगून साध्या मोफत ईमेलवरून पत्र पाठवणे. व्हिडिओ ‘लाइक’ करण्याचे पैसे देतो म्हणून आधी शंभर-दोनशे रुपये देणे आणि मग हजारो भरायला लावणे. ओटीपी मागणे, किंवा बँक खाते ‘कामासाठी’ वापरायला मागणे; खाते दिले तर फसवणुकीचा माग पुढे आपल्याच दारी येतो.

परदेशातील नोकरीत धोका आणखी मोठा. आकर्षक पगाराच्या जाहिरातींना भुलून गेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमार, कंबोडिया आणि लाओसमध्ये कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करून घेतल्याचे प्रकार उघड झाले आहेत. परदेशी पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर नोंदलेला आहे की नाही, ते आधी पाहावे. पर्यटक व्हिसावर कामाला जाऊ नये.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवले, तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता अधिक. आणि पालकांना विनंती : फसलेल्या मुलाला त्या दिवशी रागावू नका. रागाच्या भीतीने जे लपवले जाते, तेच पुढे महाग पडते.

आडनाव आणि ओळख

शेवटी एक कटू गोष्ट मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले; भिन्न होती ती आडनावे. दलित वाटणाऱ्या आडनावाच्या अर्जाला उत्तर येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जापेक्षा कमी आढळली. संकेतस्थळावरही शेवटी अर्ज उघडणारा माणूसच असतो. तेव्हा उत्तर न येण्याचे प्रत्येक कारण मुलाच्या उणिवेत शोधू नये. नाव लपवावे असे आम्ही मुळीच सुचवत नाही. पात्रता इतकी स्पष्ट मांडावी की डावलणाऱ्याला कारण सापडू नये. आणि आत आपले माणूस असावे.

आत आपले माणूस, हे शब्द गिरणगावाला नवे नाहीत. कोकणातून, घाटावरून आलेल्या मुलाला गाववाल्यांच्या खोलीत जागा मिळे, खानावळीत जेवण मिळे आणि गिरणीच्या फाटकापर्यंत सोबत मिळे. ती सोबत खरी होती. तिच्यातली दस्तुरी आणि जातीची भिंत तेवढी वाईट होती. आज पुष्कळ कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना विचारतात, ‘कोणी योग्य उमेदवार माहीत आहे का?’ ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कार्यालयीन नोकऱ्या आहेत, त्यांच्याकडे अशी नावे तयार असतात. आपल्या मुलांसाठी हे काम माजी विद्यार्थ्यांनी करायचे आहे. भलतीच शिफारस नको, पात्रता नसलेल्याला ओढून नेणे नको. आपल्या कंपनीत जागा निघाली की ती कळवावी; महिन्यातून दोन रेझ्युमे वाचून दुरुस्त करून द्यावेत; एका मुलाची फोनवर अर्धा तास सरावाची मुलाखत घ्यावी. यासाठी पैसा लागत नाही, सभागृह लागत नाही.

ही स्मरणिका घरी नेल्यावर विद्यार्थ्यांनी एक वही घ्यावी आणि पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहाव्यात : कोणते काम, किती अंतर, किती पगार. माजी विद्यार्थ्यांनी आपला फोन क्रमांक शाळेच्या कार्यालयात नोंदवावा आणि नावापुढे आपण कोणत्या क्षेत्रात आहोत ते लिहावे. ती वही आणि ही यादी एकमेकांना भेटली, तर पुढच्या वर्षी शाळेतून बाहेर पडणारे मूल फाटकाबाहेर एकटे उभे राहणार नाही.